टाकीचं झाकण

बाबांच्या मोटारसायकलला दर खंडेनवमीला गंध लावायचं काम माझं होतं. तिच्या चावीला हात लावायचं काम माझं नव्हतं. ही वाटणी आमच्या घरात कुणी बोलून केली नव्हती, पण ती इतकी पक्की होती की वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी ती चावी पहिल्यांदा मागितली, तेव्हा बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

बाबा मद्रासजवळच्या आवडी या गावी संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते. पुण्याहून बदली होऊन आम्ही मद्रासला आलो तेव्हा मी चौथीत होते आणि दादा आठवीत. तिथल्या क्वार्टर्समध्ये असताना बाबांनी ती मोटारसायकल घेतली. काळी, टाकीवर सोनेरी पट्टा, टाकीच्या मधोमध गोल चकचकीत झाकण आणि झाकणाच्या मधोमध चावीचं भोक. दादा सोळा वर्षांचा झाला तेव्हा बाबांनी त्याला कॉलनीच्या मैदानावर गाडी शिकवली. मी कडेला उभी राहून बघत होते. माझी सोळा वर्षं आली तेव्हा बाबा म्हणाले, "तुला काय करायचंय?" तेवढ्यावर विषय संपला.

पूजा मात्र माझी. तिकडे आयुधपूजेचा केवढा थाट असतो ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. कारखान्यातल्या लेथ मशीनपासून नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या इस्त्रीपर्यंत सगळ्यांना चंदन आणि कुंकू लागतं, चाकांखाली लिंबं चिरडतात, रस्त्यात कोहळे फुटतात आणि घरोघर चुरमुरे-डाळं वाटतात. आपली खंडेनवमीही त्याच दिवशी, त्यामुळे आमच्याकडे दोन्ही रीती एकत्र झाल्या होत्या. झेंडूची माळ आपली आणि चंदनाचे जाड ठिपके त्यांचे. मी वाटीत चंदनाची पावडर पाण्यात घट्ट कालवायचे आणि बाबा हात मागे बांधून सूचना द्यायचे. "हँडलला लाव. दिव्याला लाव. आता टाकीवर. तिथे नाही, झाकणावर. बरोब्बर मधोमध. ते तिचं कपाळ आहे." मी मधोमध लावायचे. अंगठ्याने गंध, त्यावर कुंकू. दादा तोवर सीटवर बसून आरशात भांग पाडत असायचा.

पुढे दादा शिकून पुण्याला गेला आणि तिथलाच झाला. आई गेली, बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं. मी शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करत होते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचं. त्यात मी बरीच तरबेज होते. वेलचेरीला मी फ्लॅट घेतला आणि बाबांना घेऊन आले. फ्लॅट माझा, दारावरची पाटी बाबांच्या नावाची. मीच करून घेतली ती. आज विचारलंत तर सांगेन की मूर्खपणा केला, पण तेव्हा मला ती पाटी पाहून बरं वाटायचं.

मोटारसायकलही आमच्याबरोबर वेलचेरीला आली. आल्यावर वर्षभर बाबांनी ती चालवली. मग त्यांचे गुडघे गेले, एकदा सिग्नलला पाय टेकवता आला नाही आणि गाडीसकट ते आडवे झाले. त्यानंतर गाडी खाली पार्किंगमध्ये खांबाला टेकवून ठेवली ती ठेवलीच. वेलचेरीत पाऊस झाला की पाणी चाकाच्या अर्ध्यापर्यंत यायचं. मी ती दर वेळी पुसायचे. आणि खंडेनवमीला बाबा गॅलरीत उभे राहायचे, खाली मी वाटी घेऊन. "मधोमध लावलंस ना?" वरून आवाज यायचा. "लावलं," मी म्हणायचे. पाच वर्षं हे असंच चाललं.

त्या डिसेंबरात एका रविवारी बाबा चहा पिता पिता म्हणाले, "एकदा समुद्रावर जाऊन यावंसं वाटतं. गाडीवरून."

मी म्हटलं, "चला की. माझ्या स्कूटरवर मागे बसा, तिरुवान्मियूर काय, वीस मिनिटं."

"स्कूटर ही काय गाडी आहे?"

"मग तुमची काढते."

तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. माझ्याकडे पाहिलं आणि हसले. वाईट हसले असं नाही, लहान मूल म्हणतं मी विमान चालवणार, तेव्हा हसतात तसे. मी त्यांना सांगितलं की माझ्याकडे गिअरच्या गाडीचं लायसन्स आहे, ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मोटारसायकलवर मी शिकले आहे आणि महाबलीपुरम रस्त्यावर ट्रकांच्या मधून स्कूटर चालवते. हे सगळं त्यांना पाच वर्षांत तीनदा सांगून झालं होतं. दर वेळी ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचे.

"पोरीच्या मागे बसून जाऊ मी?" ते म्हणाले. मग काय वाटलं कोणास ठाऊक, उठून कपाटातून चावी काढली आणि टेबलावर ठेवली. "बरं. तू ती चालू करून दाखव. केलीस तर बसेन तुझ्या मागे. समुद्रापर्यंत."

मी चावी उचलली. आता हे सांगायला लाज वाटते, पण जिना मी आनंदाने दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले. ज्या माणसाने मला आयुष्यात कधी मागून धरलं नव्हतं, तो माणूस माझ्या खांद्यावर हात ठेवून बसणार होता. मला त्या गाडीचं काही पडलं नव्हतं. मला तो हात हवा होता.

पाच वर्षांचं जुनं पेट्रोल काढून नवं घातल्याशिवाय गाडी चालू होणार नव्हती, म्हणजे आधी टाकीचं झाकण उघडायला हवं. खाली येऊन मी झाकणाच्या भोकात चावी घातली. ती निम्मी गेली आणि थांबली. तीच चावी हँडलजवळ घालून फिरवली तर सरळ फिरली. म्हणजे चावी ठीक होती, झाकणच बंद पडलं होतं.

"उलटी घातली असशील!" बाबा गॅलरीतून ओरडले.

"उलटी नाहीये!"

"मग कव्हर घातलं नव्हतंस पावसात! पाणी गेलं, गंजलं! तेल सोड!"

मी शिवणयंत्राचं तेल आणून सोडलं. ते भोकाच्या तोंडाशीच साचून राहिलं, आत जाईना. चावी घालून काढली की टोकाला काळपट लगदा लागायचा. दोन दिवस मी सकाळ-संध्याकाळ तेल सोडत होते. तिसऱ्या दिवशी चावी निम्मीसुद्धा जाईना. रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "झालं का?" मी नाही म्हटलं. त्यांनी आमटी वाढून घेतली आणि म्हणाले, "राहू दे. दादा येतोय पोंगलला, तो बघेल."

तो बघेल. हे दोन शब्द ऐकतच मी मोठी झाले होते. नळ गळतोय, तो बघेल. बँकेचा फॉर्म आहे, तो बघेल. तो पुण्यात बसून काय बघायचा ते मला माहीत होतं, कारण शेवटी प्लंबरला फोन मी करायचे आणि बँकेच्या रांगेत मी उभी राहायचे. पण बघायचं त्यानेच.

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "गंज सोडवायचा स्प्रे मिळतो, तो मार. आणि जोर लावू नकोस उगाच, चावी आत मोडेल. त्यापेक्षा थांब ना, मी आलो की बघतो."

मी थांबले नाही. शनिवारी गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. पन्नाशीचा माणूस, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि हाताला जन्माचं ग्रीस. त्याने चावी घालून पाहिली, झाकणावर टिचकी मारली आणि सांगून टाकलं, "उडच्चिडलाम, अक्का." फोडून टाकू. ड्रिलने लॉक काढायचं आणि नवीन झाकण बसवायचं, अर्ध्या तासाचं काम.

मी बाबांना फोन लावून विचारलं. "फोडायचं?" ते म्हणाले. "कंपनीचं झाकण आहे ते. पंचवीस वर्षांत एक ओरखडा नाही त्याला. तुला जमत नाही म्हणून फोडायचं?"

मी मेकॅनिकला म्हटलं, फोडू नका. त्याने खांदे उडवले. मग माझं तोंड पाहून त्याला दया आली असावी. त्याने एक बारीक तार घेतली, तिचं टोक वाकवलं आणि भोकात घालून हळूच ओढलं. तारेवर एक कण आला, लाल-पिवळा, तेलाने माखलेला. त्याने तो बोटांत चुरगळला, नाकाशी नेला आणि हसला.

"संदनम," तो म्हणाला. चंदन.

मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि भरभर तमिळमध्ये त्याने समजावलं. हे नेहमीचंच आहे म्हणाला. आयुधपूजा झाली की दोन-तीन गाड्या येतातच, लोक भक्तीने झाकणाला चंदन थापतात आणि ते भोकात जाऊन सुकतं. रोज पेट्रोल भरणाऱ्याचं काही बिघडत नाही, चावीबरोबर ते निघून जातं. उभ्या गाडीचं मात्र कुलूप बसतं. वरून कुणी तेल सोडलं की संपलंच, त्याचा दगड होतो. "तेल कुणी सोडलं?" त्याने विचारलं. मी सोडलं होतं.

गाडी परत ढकलत आणताना मला हसू येत होतं आणि रागही. गंज नव्हता, पाऊस नव्हता. गाडी थांबली होती, पण पूजा थांबली नव्हती. पाच खंडेनवम्या मी माझ्या अंगठ्याने, मनोभावे, बरोब्बर मधोमध, ते भोक बुजवत आले होते. त्या गाडीच्या संदर्भात मला जे एकच काम मिळालं होतं ते मी इतकं नीट केलं होतं की गाडी कायमची बंद झाली होती.

बाबांना मी काही सांगितलं नाही. आधी उघडायचं, मग सांगायचं, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी अंघोळ झाल्यावर देवाजवळची तांब्याची वाटी घासत होते. तिच्यात कालचं गंध वाळून चिकटलं होतं. मी सवयीने तिच्यात कोमट पाणी ओतून ठेवलं आणि मग तिथेच थांबले. गंध पाण्यात कालवतात. ते तेलाने कसं सुटेल? पाण्यानेच सुटेल. दादाच्या स्प्रेने नाही, मेकॅनिकच्या ड्रिलने नाही. ही गोष्ट त्या तिघा पुरुषांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती, कारण तिघांपैकी एकानेही आयुष्यात गंधाची वाटी घासली नव्हती.

पण पाणी ओतून चालणार नव्हतं, खाली टाकी होती. म्हणून मी वाती घेतल्या, देवाच्या, कापसाच्या लांब वाती. पहिले दोन दिवस वात रॉकेलमध्ये बुडवून भोकात सारायची आणि वरचं तेल टिपून घ्यायचं. मग कोमट पाण्यात बुडवून, पिळून, ओली वात सुईने आत ढकलायची, दहा मिनिटं ठेवायची आणि ओढायची. वात पिवळी होऊन यायची. मग लाल. मग पुन्हा पिवळी. गंध, कुंकू, गंध, कुंकू, वर्षावर वर्ष. जे खडे निघतील ते मी आईच्या कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवत गेले. का ठेवत होते ते तेव्हा सांगता आलं नसतं. मला वाटतं, कधीतरी पुरावा लागणार याची मला खात्रीच होती.

हे सगळं सकाळी साडेसहाला चालायचं, ऑफिसची बस पकडण्याआधी. मार्गळीचा, तिकडच्या पहाटेच्या भजनांचा, महिना होता. देवळाचा भोंगा सुरू असायचा, समोरच्या बायका दारात भल्यामोठ्या रांगोळ्या काढत असायच्या आणि मी मोटारसायकलसमोर स्टुलावर बसून वाती ओढत असायचे. तळमजल्यावरच्या मामी रोज विचारायच्या, अजून नाही झालं? मी म्हणायचे, होतंय. आणि खरंच होत होतं. रोज चावी भाताच्या शितभर जास्त आत जात होती. ते दहा-बारा दिवस मी सुखात होते असं म्हटलं तरी चालेल. शिट्टी वाजवत होते मी. एकदा मला स्वतःला ऐकू आली ती.

आणि एका गुरुवारी चावी पूर्ण आत गेली. फिरवली तर कट्ट करून फिरली, पण झाकण हलेना. पाच वर्षांत आतलं रबर टाकीला चिकटून बसलं होतं. मी वर जाऊन लाटणं आणलं, झाकणाच्या कडेने हलक्या हाताने ठोकत गोल फिरवलं. मग डाव्या हाताचा तळवा झाकणावर ठेवून सगळं वजन टाकलं आणि दाबूनच ठेवून चावी फिरवली. खाली दाबायचं आणि मग उघडायचं, ही त्यातली खुबी. झाकण फस्स करून सुटलं. आतून कुजक्या पेट्रोलचा भपका आला, व्हार्निशसारखा. मी इतका आंबट वास इतक्या आनंदाने कधी घेतलेला नाही.

त्या क्षणी मी वर ओरडायला हवं होतं. गॅलरीत बाबा पेपर वाचत बसले होते, त्यांच्या पायाचा अंगठा मला खालून दिसत होता. एक हाक मारली असती तर सगळं वेगळं झालं असतं. पण मला थाट हवा होता. शनिवारी सुट्टी होती. सकाळी मेकॅनिककडे नेऊन टाकी साफ करून घ्यायची, नवं पेट्रोल भरायचं, गाडी दारात आणून हॉर्न वाजवायचा आणि म्हणायचं, बाबा, चला. मी झाकण दोनदा उघडलं, दोनदा लावलं, भोकात तेलाचा एक थेंब सोडला आणि वर जाऊन चावी टेबलावर ठेवली.

"काय, नाहीच ना?" बाबा म्हणाले.

"बघू," मी म्हटलं.

पण पोटात राहीना. ऑफिसच्या बसमधून मी दादाला फोन केला. तो शनिवारी दुपारी येणार होता. त्याला सगळं सांगितलं, चंदन, वाती, कोमट पाणी, तळव्याने दाबून फिरवायचं, सगळं. तो खूप हसला. "भारीच गं," म्हणाला. मी म्हटलं, "बाबांना सांगू नकोस हं. शनिवारी मी दाखवणार आहे. ते माझ्या मागे बसणार आहेत, तसं कबूल केलंय त्यांनी." तो म्हणाला, "नाही सांगत."

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता मी बसमधून उतरून फाटकात शिरले. खांबाजवळ गाडी नव्हती. जिथे ती पाच वर्षं उभी होती तिथे जमिनीवर दोन चाकांचे पांढरट डाग होते. चोरीला गेली असं वाटून मी पळत वर गेले. दार उघडं होतं. हॉलमध्ये दादा सोफ्यावर होता, एक दिवस आधीच्या विमानाने आलेला, आणि बाबा खुर्चीत. बाबांच्या चपला दाराशी होत्या. त्यांना ओली वाळू लागली होती.

"अगं ये, ये," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा मी तसा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. गालांवर रंग आला होता, केस वाऱ्याने उडालेले होते आणि ते त्यांनी तसेच ठेवले होते. "तिरुवान्मियूरला जाऊन आलो. गाडी काय पळते अजून! आता खाली दुसऱ्या बाजूला लावलीय. तू पंधरा दिवस घातलेस, आणि याने आल्या आल्या चावी घातली, असा हात ठेवला, कट्ट! एका झटक्यात. मी गॅलरीतून बघत होतो. मग कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे टाकी धुवून घेतली, पेट्रोल भरलं आणि निघालो."

त्यांनी हवेत तळवा दाबून दाखवला. डावा तळवा.

मी दादाकडे पाहिलं. तो हसत होता. बोलण्याची वाट बघत मी उभी राहिले. एक वाक्य बोलायचं होतं त्याला. 'बाबा, तिनेच उघडलं होतं ते.' श्वास घेऊन सोडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळाचं काम. त्याने चहाचा घोट घेतला.

"दादा, सांग ना," मी म्हटलं.

"काय सांगू? तूच म्हणालीस ना, बाबांना सांगू नकोस."

तेव्हा मात्र माझा तोल सुटला. मी आत गेले, करंडा आणला आणि बाबांसमोर टेबलावर उपडा केला. लाल-पिवळे खडे, वाळलेले तुकडे, चांगली मूठभर रास. मी म्हटलं, बाबा, हे आत होतं. हे मी काढलं, रोज सकाळी, वातीने, सुईने. काल सकाळीच उघडलं होतं मी. याला मीच सांगितलं कसं उघडायचं ते. तुम्ही कबूल केलं होतंत, तुम्ही माझ्या मागे बसणार होतात.

बाबांनी चष्मा लावला. एक खडा उचलला, बोटात चुरला आणि वास घेतला, अगदी त्या मेकॅनिकसारखा.

"हे तर गंध आहे," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे भोक तूच बुजवलं होतंस."

मी टेबलावरचे खडे गोळा करू लागले.

"मी म्हणत होतो पावसाचं पाणी गेलं असेल. पाऊस कसला! चांगली गाडी पाच वर्षं तुझ्यामुळे बंद पडली होती." रागावले नव्हते ते, उलट छान मजेत होते. दादाकडे वळून म्हणाले, "ऐकलंस का? हिने गंध थापून थापून कुलूप लावलं."

"तुम्हीच सांगायचात," मी म्हटलं. "वरून ओरडून. मधोमध लाव, मधोमध लाव."

"गंध लाव म्हणायचो. भोक बुजव नव्हतो म्हणत."

दादा मोठ्याने हसला. बाबाही हसले. त्या घराचे हप्ते, पाटी, भाजी, औषधं, सगळं माझं आणि त्या हॉलमध्ये हसणारे ते दोघं. माझ्या पंधरा दिवसांच्या कामापैकी जेवढा बिघाड होता तेवढा माझ्या नावावर जमा झाला होता. बाकीचा दादाच्या.

रविवारी मी बाबांना पुन्हा विचारलं. मान खाली घालून विचारलं म्हणा, कारण राग गेला होता आणि इच्छा राहिली होती. आज माझ्यामागे येता का, थोडंसंच, इथल्याच विजयनगरच्या बस स्टँडपर्यंत. ते म्हणाले, "आता कशाला? जाऊन आलो की." पुढे दादा पुण्याला गेल्यावर विचारलं तेव्हा म्हणाले, गुडघा दुखतो. त्यानंतर मी विचारलं नाही.

मेकॅनिक एकदा वाटेत भेटला. मला थांबवून म्हणाला, अक्का, तुमचे अण्णा, म्हणजे दादा, मोठे हुशार. कोमट पाण्याची आणि वातीची युक्ती त्यांनीच मला सांगितली, आता मी सगळ्या गिऱ्हाइकांना तीच करून देतो. मी त्याला म्हटलं, छान.

गाडी पुन्हा खांबाला लागली. चावी पुन्हा बाबांच्या कपाटात गेली, दादा येईपर्यंत. पेट्रोल टाकीत होतं, गाडी चालू स्थितीत होती, किक मारली की पेटली असती. बाहेर जाताना दर वेळी मी तिच्यावरून नजर फिरवायचे आणि स्कूटर काढायचे.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. सकाळी मी वाटीत चंदन कालवलं. दर वर्षीपेक्षा घट्ट कालवलं, पुरणाच्या गोळ्यासारखं. खाली गेले, गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. हँडलला लावलं, दिव्याला लावलं. बाबा गॅलरीत येऊन उभे राहिले, कठड्याला धरून. म्हातारे दिसत होते. तरीही माझा हात थांबला नाही.

"झाकणाला नको हं लावूस या वर्षी!" ते वरून ओरडले. "बुजवशील परत! दादा येणार आहे पोंगलला!"

"नाही लावत!" मी ओरडून सांगितलं.

त्यांच्याकडे पाठ करून मी टाकीसमोर वाकले. वाटीत उरलेलं सगळं गंध बोटावर घेतलं आणि झाकणाच्या मधोमध, भोकात, आत जाईल तितकं अंगठ्याने दाबून भरलं. मग पदराने वरचं झाकण लख्ख पुसलं.